वाचलेला वेळ

बारावीत असतानाच मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा एक विषय ऑनलाइन पुरा केला. परीक्षा पास झालं की त्याचे क्रेडिट जमा होतात आणि पुढे डिग्रीला तो विषय पुन्हा करावा लागत नाही. मला ओझर सोडून बाहेर पडायचं होतं आणि तेही लवकर. घरात जागेवर बसवत नव्हतं. नाशिकला क्लासला जाताना बसमध्ये उभ्या उभ्या लेक्चर ऐकायचे. मध्येच कुणी हाक मारली की वसकन अंगावर जायचे.

निकाल लागला तशी आई पेढे घेऊन अख्ख्या कॉलनीत फिरली. क्रेडिट म्हणजे काय हे कुणालाच कळेना, म्हणून तिने सोपं करून सांगितलं, "पोरगी कॉलेज लवकर उरकतेय."

रविवारी नामपूरहून आत्या आली. पेढा तोंडात टाकत म्हणाली, "शिक्षण लवकर उरकतंय ना? मग आपणही आतापासून बघायला लागू. कांद्याचे व्यापारी आहेत, एकुलता एक मुलगा, घरचं सगळं चांगलं."

मी आईकडे पाहिलं. तिने आत्यापुढे पेढ्यांचा बॉक्स पुन्हा सरकवला. पप्पांनी पेपर खाली ठेवला. मला वाटलं, आता ते आत्याला गप्प करतील. ते माझ्याकडे वळले आणि कौतुकाने म्हणाले, "असे अजून किती विषय आधीच होतील गं?"

वाचलेला वेळ माझा असेल, असं मी धरून चालले होते. घरात दुसऱ्या कुणीच तसं धरलं नव्हतं.