केराबाईचा बुधवार

केराबाईनं आठवड्याची सुट्टी मागितली, ही बातमी गल्लीभर व्हायला अर्धा तास लागला. तिनं बुधवारच मागितला हे कळल्यावर मात्र खाणावळीसमोरचा पानवाला पानाला चुना लावायचाच विसरला.

आता बुधवार म्हणजे काय, हे सोलापूरकराला सांगायला नको. हिंदुरावांच्या मटणाच्या खाणावळीत सोमवारी माश्या मारायच्या आणि बुधवारी उभं राहायला जागा नाही. अशा दिवशी भाकऱ्या थापणारीच घरी?

"सोमवार घे की," हिंदुराव म्हणाले.

"सोमवारी माझा उपास असतोय. सुट्टी घिऊन शाबुदाणा चावत बसू व्हय?"

एकोणीस वर्षं ज्या बाईचा आवाज चुलीपलीकडं गेला नव्हता, तिचं हे उत्तर. हिंदुरावांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बुधवारच्या भाकऱ्या बाहेरून आणायची सोय केली. दुसरं करणार काय? तिच्यासारखी भाकरी थापणारी अख्ख्या पेठेत नव्हती.

लोकांनी तर्क लढवले. अठ्ठावन्न वर्षांची बाई, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, लेक पुण्याला. कुणी म्हणालं, बाई बुवाच्या नादी लागली. कुणी म्हणालं, बुवाच हिच्या नादी लागला असेल. खरी गोष्ट दोन्हीपेक्षा चवदार होती. आदल्या वर्षी तिचा हात भाजला आणि आठ दिवस घरी बसावं लागलं. चौथ्या दिवशी, बुधवारी, भिंती बघून कंटाळली, समोर आली त्या सिटीबसमध्ये चढली आणि शेवटच्या स्टॉपला उतरली. तिथं एका गाड्यावर कांदाभजी खाल्ली आणि आली परत. एवढंच. पण ती भजी दुसऱ्या कुणीतरी तळून, गरम गरम, तिच्या हातात दिली होती. हे तिच्या आयुष्यात फार दिवसांनी घडलं होतं, आणि ते तिच्या डोक्यात बसलं.

मग काय! सुट्टी मिळाल्यावर रेल्वेनं कुर्डुवाडीला गेली, फलाटावर वडा खाऊन पुढच्या गाडीनं परत. अकलूजला जाऊन बासुंदी खाऊन आली. पहिल्यांदा डोसा खाताना शेजारची कॉलेजची पोरं हसली, तर त्यांनाच विचारलं, "कसा खायचा असतोय रे? दावा की." घराशेजारची मुमताज शिवणकाम करायची. तिच्या स्कूटीवर होम मैदानात गाडी शिकली. पहिल्याच दिवशी रसाच्या गाड्यावर जाऊन आदळली, आणि आलोच आहोत तर म्हणून एक ग्लास रस पिऊन आली.

असे पुष्कळ बुधवार झाले. एकच जागा राहिली होती. हिंदुरावांच्या खाणावळीची पुढची खोली.

तिथं बायका बसत नसत. बायका आल्या तर पडद्यामागं, 'फॅमिली'त. आणि केराबाईचं जेवण दुपारी चारनंतर, चुलीजवळ उकिडवं बसून, भांड्याच्या तळाच्या गार रश्शाबरोबर.

"मी येते संगं," मुमताज म्हणाली. "मी नुसता सोडा पिईन. दोघी असलो तर कोई कुछ नै बोलता."

"दोघी गेलो की त्ये फॅमिली म्हनत्यात," केराबाई म्हणाली. "मला बाहीर बसायचंय."

त्या बुधवारी दुपारी एकला, ऐन गर्दीत, इस्त्रीचं लुगडं नेसून ती आत शिरली आणि मधल्या, चार माणसांच्या टेबलावर एकटी बसली. वाढपी अमरेश अक्कलकोटकडचा, चाळिशीचा. त्याच्या हातातला रश्शाचा वाडगा हिंदकळला.

"अक्का, मागनं या की."

"ताट आण, अमरेश. सुकं बी आण."

हिंदुराव गल्ल्यावरून उठून आले. "केराबाई, फॅमिली पडद्यामागं हाय."

"माझी फॅमिली पुण्याला हाय. मी जेवाय आले."

"गिऱ्हाइकं बघाय लागलीत."

"बघू द्या. मी न्हाई त्यांच्या ताटात बघत."

"हिला वाढायचं न्हाई," हिंदुरावांनी अमरेशला बजावलं. मग आवाज खाली आणून केराबाईला म्हणाले, "हट्ट केलास तर उद्यापास्नं येऊ नगंस."

या कामावर तिचं घर चालत होतं, आणि या वयात नवी चूल कोण देणार? तिनं दोन्ही तळवे टेबलावर सपाट ठेवले, भाकरी थापल्यासारखे, आणि बसून राहिली. दारात जेवायला आलेली माणसं ताटकळायला लागली.

तेवढ्यात कोपऱ्यातून उदयसिंह कंडक्टर ओरडला, "हिंदुराव, ही भाकरी हाय का चपलेचा तळ? बुधवारीच अशी का असती ओ?"

"बुधवारी माझी सुट्टी असती," केराबाई म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. त्यांची भाकरी थापणारी बाई त्यांनी आज पहिल्यांदा पाहिली. आता वाटेल की त्यांनी तिची बाजू घेतली. कसली बाजू! उदयसिंह खूश होऊन म्हणाला, "मग मावशी, बसलाय काय? थापा की दोन-चार!"

"व्हय व्हय, गरम!" दुसरा म्हणाला.

हिंदुरावांचा सूर एकदम साखरेत घोळला. "केराबाई, फकस्त वीस भाकऱ्या. मग आत बसून पोटभर जेवा. आनी उद्याचं मी बोललोच न्हाई म्हना."

केवढी सोपी सुटका होती! कौतुक होतं, नोकरी होती, ताटही होतं. फक्त आत जायचं.

"मालक," ती म्हणाली, "आज मी गिऱ्हाईक हाय. गिऱ्हाइकानं कवा भाकरी थापलीय?"

अमरेशनं दारातल्या रांगेकडं पाहिलं, टेबलाकडं पाहिलं आणि आत जाऊन ताट भरून आणलं. "मालक, ह्या जेवल्याबिगर उठत न्हाईत आनी टेबल मोकळं व्हत न्हाई. मग वाढल्यालं बरं न्हाई का?" हिंदुराव गल्ल्यावर जाऊन बसले.

रश्शावर लाल तर्री होती आणि वाफ तिच्या तोंडावर येत होती. तिनं ती विकतची वातड भाकरी मोडली, बुडवली, घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं. तिखटानं, असं तिनं अमरेशला सांगितलं. हे एकोणीस वर्षं तिच्या पाठीमागं तीन हातांवर शिजत होतं! कुणी कधी सांगितलं नाही, गरम असताना हे इतकं चांगलं लागतं म्हणून.

ती सावकाश जेवली. रस्सा दोनदा मागितला. हात धुऊन गल्ल्यावर आली आणि हिंदुराव नको नको म्हणत असताना नोटा पुढं सरकवल्या.

"भाकरीचं काय तरी बगा," ती म्हणाली. "उद्या गुरुवार. मी साडेआठला येते. ठिवायचं का न्हाई त्ये तुमचं तुमी ठरवा. बुधवार माझा मी ठरवलाय."

हिंदुरावांनी नोटा मोजून गल्ल्यात टाकल्या. तिच्यामागं उदयसिंहानं हाक दिलीच, "मालक, त्यांना काडलं तर आमी गुरुवारी कुटं जेवायचं?"