आनंदाच्या अंगात देवी नव्हती

लिही योगिता. आनंदा माझ्या पाठचा भाऊ, तुझ्या आईचा मामा. आम्ही सुरतेत पांडेसऱ्याला खोली घेतली तेव्हा तो गावाकडून आला आणि रंगाच्या मिलमध्ये लागला. कोपरापर्यंत हात कधी जांभळे, कधी हिरवे. मी म्हणायची, "आज कोणत्या साडीत बुडून आला रे?" तर म्हणे, "आक्का, तुले परवडणार नही त्या."

लय हसवायचा. लग्न झालं नाही, माझ्याच ताटात जेवला.

गुजरातमध्ये दारूबंदी, पण पिशवीत बांधलेली दारूची पोटली भेस्तानकडे पाहिजे तेवढी भेटायची. मिलची पाळी सुटली की सगळे तिकडून पिऊन यायचे. मी बोलली की आनंदा म्हणे, "श्रावणात हात लावतो का मी? मग मी पेताड कसा?" मलाही ते पटायचं, बेटा. आधी अख्खा श्रावण पाळायचा. मग पंधरा दिवस. मग नुसते श्रावणातल्या कानबाई देवीच्या सणाचे तीन दिवस. पाळतो ना, एवढंच आम्ही धरून बसलो.

प्लेगच्या पुढच्या वर्षी कानबाई माझ्या खोलीत बसली. नारळाला नथ घातली, डोळे लावले, नैवेद्याच्या रोटाचे गहू दळून आणले. आनंदाने शुक्रवारीच सोडली होती. रविवारी दुपारी बाया गाणी म्हणत होत्या, तो कोपऱ्यात बसला होता. एकदम कापायला लागला. घामाने सदरा ओला. भिंतीकडे बघून म्हणे, "मुंग्या हाकला, मुंग्या." भिंतीवर काहीच नव्हतं.

शेजारची धुरपदाबाई ओरडली, "आली व माय, आली! भाऊच्या अंगात आली!"

झालं. कोणी हळद लावली, कोणी कुंकू. धुरपदाबाई त्याच्या पायावर डोकं ठेवून विचारते, "माय, माझ्या सुनेची कूस कधी उजवेल?" माझी छाती फुगली, खोटं कशाला सांगू. माझ्या खोलीत, माझ्या भावाच्या अंगात देवी!

आनंदाने पाय ओढून घेतले. दात वाजत होते. म्हणे, "काकू, पाया नका पडू. हाई देवी नही शे. तीन रोज दारू लिधी नही, म्हनीसन आंग कापी ऱ्हायनं."

मी उठली आणि त्याच्या तोंडावर हात दाबला. "गप! देवीसमोर काय बोलतो?" बायांना म्हटलं, "मायच बोलते आहे, परीक्षा घेते आहे." त्यांनी मान डोलवली, गाणी पुन्हा चालू.

बाया गेल्यावर म्हणाला, "आक्का, मी खरं बोललो. माझ्याच्याने सुटत नही आता. दवाखान्यात चल माझ्यासोबत." मी म्हटलं, "उद्या विसर्जन होऊ दे." मग म्हटलं, दवाखान्यात गेलो तर गल्लीत काय तोंड दाखवू? अशी टाळत गेली.

तोपर्यंत दर मंगळवारी बाया नारळ घेऊन यायला लागल्या. आनंदा हलला की हात जोडायच्या. मग तो सकाळीच पिऊन यायचा. मी चिडली तर म्हणे, "पिली की अंग हलत नही. हललो तर लोक पाया पडतात, आक्का. मला सहन होत नही."

दोन वर्षांत पोट फुगलं, डोळे हळदीसारखे झाले. मिलवाल्यांनी काढून टाकलं. सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरने हिंदीत विचारलं, "दारू कितनी पीता है? रोज?"

आनंदा तोंड उघडत होता. त्याच्या आधी मीच बोलली, "नहीं साहेब, कभी कभी."

त्याने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता गं त्यात. मग भिंतीकडे तोंड फिरवलं. पाचव्या दिवशी गेला.

तू लिही, रोज प्यायचा. त्याला स्वतःला कळलं होतं, त्याने चार माणसांत सांगितलंही होतं. मीच त्याला सांगू दिलं नाही.