काळी पाचमधला शंभू

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात शंभू मिरच्या विकायला बसला, की मिरच्या घेणारे कमी आणि "शंभूबाब, एक पद होऊन जाऊ दे" म्हणणारेच जास्त. शंभू हसून हात जोडायचा. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत त्याच्याइतका नावाजलेला गायक नव्हता, आणि तो नावाजलेला होता वाईट गाण्यासाठी. त्याच्या पदाची कॅसेट हॉटेलांतून वाजायची आणि माणसे पोट धरून हसायची. आता त्या दिवसांच्या आठवणीने सगळ्यांना गहिवरून येते. मला येत नाही, कारण शंभूला वाईट गायला लावणारा मीच.

मी मामलेदार कचेरीत कारकून होतो आणि उत्सवाच्या नाटकात पेटी वाजवायचो. आमच्याकडे देवळाच्या उत्सवाला गावकरीच नाटक करतात, नटी तेवढी बाहेरून आणतात. पदाआधी पेटीवाल्याने सूर द्यायचा आणि नटाने तो मुकाट्याने उचलायचा, असा रिवाज. त्र्याण्णव साली फोंड्याच्या कमलाक्षीबाईंनी काळी पाचमध्ये, म्हणजे बायकांच्या उंच पट्टीत, पद म्हटले. पाठोपाठ शंभू द्वारपाल होऊन आला. त्याचा गळा काळी एकचा, खालचा आणि चांगला भरदार. मी पट्टी उतरवायला विसरलो. शंभूने तोच वरचा सूर उचलला, कसाबसा अंतऱ्यापर्यंत आला आणि तिथे त्याचा आवाज असा काही फाटला, की मंडप कोसळायचा बाकी राहिला. तीन वन्स मोअर मिळाले.

ती चूक होती. पुढच्या वर्षी मात्र चूक नव्हती. देवळाच्या उत्सव समितीने सांगितले, "शंभूचे पद पाहिजे, आणि तसेच पाहिजे." मी पुन्हा काळी पाच दिली. त्यानंतर अठरा वर्षे देत राहिलो. शंभूला काळी-पांढरी काही कळत नाही, तो बिचारा पेटी देईल तो सूर उचलतो, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. लोक हसायचे आणि त्या हसण्यात माझ्या पेटीचेही नाव व्हायचे. खोटे कशाला बोलू, मला ते आवडायचे.

शंभूची बायको देवकी नाटकाला यायची बंद झाली. एकदा पसऱ्यावर, म्हणजे आमच्या गावच्या दुकानात, साखर घेताना ती मला म्हणाली, "भावजी, ते मिरच्यांक पाणी घालताना म्हणतत, तसां एकदा तरी स्टेजार म्हणूक दियात त्येंका." मी मान डोलावली आणि घाईघाईने पिशवी उचलली. तिला किती कळले होते, हे विचारायचा धीर माझ्यात नव्हता.

पुढे नाटकेच बंद पडली. यंदा मात्र समितीचा नवा सेक्रेटरी रुद्रेश याने जुन्या कलाकारांचा कार्यक्रम ठरवला आणि शंभूचे नाव सगळ्यांत वर घातले. शंभू अडुसष्ट वर्षांचा, मी बहात्तरचा. तालमीला तो माझ्या घरी आला. मी पेटी उघडली आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्याला काळी एक दिली. तो गायला. इतका सरळ, इतका गोड गायला, की मला त्याच्याकडे बघवेना. गाणे संपल्यावर मी पेटीचा भाता बंद केला. मग म्हटले, "देवकीवयनीक घेऊन ये."

ती आली. अबोलीची वेणी माळून पहिल्या रांगेत बसली. शंभू स्टेजवर आला तेव्हा शेकडो मोबाईल वर झाले. मी काळी एक दिली. ध्रुवपद स्वच्छ लागले. देवकीचा चेहरा उजळलेला मी पाहिला. पण मागे खुर्च्या करकरू लागल्या, मोबाईल एकेक करून खाली आले. कुणीतरी ओरडले, "ओ शंभूबाब, पयल्यासारखां म्हणा!" विंगेतून रुद्रेश हातवारे करू लागला.

तबला चालू असताना शंभू माझ्याकडे वाकला आणि कानाशी म्हणाला, "गुरुदास, काळी पाच दी."

माझी बोटे जागच्या जागी थांबली. पट्टीचे नाव मी त्याच्यासमोर कधीही उच्चारले नव्हते.

"दी रे," तो म्हणाला.

मी दिली. आवाज नेमका तिथेच फाटला. सगळा मंडप हसत उठला. देवकीही उठली, पण ती पदर सावरत खुर्च्यांमधून वाट काढत बाहेर गेली.

पडद्यामागे मी त्याचा हात धरला. मला रडू आवरत नव्हते. "शंभू, पयल्या वर्साची चूक होती. फुडची सगळी मी मुद्दाम केलंय."

"म्हायत आसा."

"कधीपासून?"

"दुसऱ्या वर्सापासून."

"मगे कधी बोललंस कसो नाय?"

शंभू चपला शोधत होता. त्या सापडल्यावर पायात घालत म्हणाला, "बोललंय असतंय तर तू पट्टी खाली आणली असतंस. मगे माका स्टेजार कोण चडयतलो?"

आणि तो देवकीला गाठायला काळोखात भराभर चालू लागला.