सरूबाईंनी गिरवून घेतलेली सही

सरूबाई रामटेके यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यांच्या गौरवग्रंथात पहिला लेख माझा असावा, असे संपादक मंडळाने ठरवले आहे. मंडळ म्हणजे आंबागडच्या गोधडीवर्गातल्या बायकाच. लेख मागायला त्या भंडाऱ्याला माझ्या घरी आल्या आणि 'गुरू या नात्याने लिहा' असे बजावून गेल्या. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासलेला मी मास्तर माणूस, तेव्हा पहिली दुरुस्ती इथेच करतो. सरूबाईंना सही करायला मी शिकवले हे खरे. पण पुढे माझा उजवा हात गेला आणि माझी सही हरवली, ती मला त्यांनी परत शिकवली. तेव्हा हा लेख त्यांच्या शिष्याचा आहे, असे धरूनच वाचावे.

आमची पहिली ओळख तीस-बत्तीस वर्षांपूर्वीची. मी आंबागडच्या शाळेत शिक्षक होतो आणि दुपारी शाळेच्या पडवीत मोठ्यांचा साक्षरता वर्ग घेत असे. सरूबाई तेव्हा चाळिशीच्या. हंगामात धानाची रोवणी आणि कापणी, उरलेल्या दिवसांत जंगलातले काम. पहिल्याच दिवशी त्या चिंध्यांचे गाठोडे घेऊन वर्गात बसल्या. बाकीच्या बायका पाटीवर अक्षर गिरवत होत्या आणि ह्या खुशाल गोधडीला टाके घालत होत्या. मी चिडलो. "बाई, हा शाळेचा वर्ग आहे, शिवणाचा नाही," असे चारचौघांत सुनावले.

त्यांनी सुई थांबवली नाही. म्हणाल्या, "गुरुजी, हात रिकामा ठेवला तं मले ऐकूच नाही येत."

"मग वर्गाला येता कशाला?"

"पोरीच्या शाळेत कागदावर अंगठा लावा लागते जी. मी अंगठा लावतो तवा पोरगी खाली पाहते."

मी पाटी-पेन्सिल त्यांच्यापुढे ठेवली. पण पेन्सिल काही त्यांच्या बोटांत टिकेना. चौथ्या दिवशी त्यांनी लुगड्याचा एक पांढरा तुकडा माझ्यापुढे ठेवला. त्यावर लाल दोऱ्याने लिहिले होते, 'सरू'. पाटीवर जमत नव्हते म्हणून कापडावर लिहून आणले होते! मला अत्यानंद व्हायला हवा होता. पण मला माझ्या अक्षराचा भारी गर्व, म्हणून मी म्हणालो, "रूची शेपटी फार लांब झाली." त्यांनी तिथल्या तिथे शेपटी उसवली आणि आखूड करून पुन्हा घातली. आठवडाभरात तेच नाव कागदावर उतरले. नंतर मुलीच्या शाळेत त्यांनी सही केली, तेव्हा मुख्याध्यापकांच्या टेबलाजवळ मी मुद्दाम जाऊन उभा होतो. मुलगी त्या दिवशी खाली पाहत नव्हती.

त्यांच्या गोधडीकामाविषयी या ग्रंथात इतर जणी माझ्यापेक्षा बरे लिहितील. तरी दोन गोष्टी सांगितल्यावाचून राहवत नाही. आंबागडच्या बुद्धविहाराच्या पडवीत भरणाऱ्या त्यांच्या वर्गात आज साकोलीपासून बायका येतात. नोकरीवाल्या येतात, भंडाऱ्याच्या हातमागवाल्या घरांतल्या येतात. या सगळ्या जणी गोधडी म्हणजे तुकडे जोडणे अशा समजुतीने येतात आणि पहिला महिनाभर त्यांना तुकडा जोडायलाच मिळत नाही. आधी जुने कापड धुऊन, वाळवून, हाताने ओढून पाहायचे. मग थर अंथरायचे, मधून कडेकडे हात फिरवून सुरकुती बाहेर काढायची, मोठे कच्चे टाके घालून थर जागच्या जागी बसवायचे. त्यानंतर कडेने सुरुवात करून एकेक ओळ आत आत न्यायची.

साकोलीच्या एक शिक्षिका मोबाइलवर पाहून, पट्टीने मापून, अगदी सारख्या चौकोनांची सुंदर गोधडी शिवून आल्या होत्या. चौकोन निम्मे नव्या कापडाचे, निम्मे जुन्या साडीचे. सरूबाईंनी कौतुक केले, चहा पाजला आणि म्हणाल्या, "एकदा धुऊन आणा बाई." पुढच्या आठवड्यात ती गोधडी आली तेव्हा नवे कापड आटले होते आणि जुने पुरीसारखे फुगले होते. शिक्षिकाबाईंना रडू फुटले. सरूबाई त्यांच्याजवळ मांडी घालून बसल्या आणि सारी दुपार दोघींनी मिळून ती उसवली. त्याच शिक्षिका आज संपादक मंडळाच्या प्रमुख आहेत आणि नवीन येणारीला पहिला प्रश्न विचारतात, "कापड धुतलं काय?"

दुसरी गोष्ट त्यांच्या तपासणीची. कुणाचीही गोधडी आली की सरूबाई ती आधी उलटी करतात, डोळे मिटतात आणि उलट्या बाजूवरून अंगठा फिरवतात. लांब टाका, सैल दोरा, लपवलेली गाठ, सगळे त्या अंगठ्याला कळते. मात्र चूक त्या दाखवत नाहीत. शिकणारीलाच डोळे मिटायला लावतात. "डोळे लाड करतेत, अंगठा नाही करत," असे म्हणतात आणि तिची चूक तिलाच शोधू देतात. मी उभ्या नोकरीत लाल शाईने चुका दाखवत आलो. ही रीत मला आधी सुचली असती तर किती मुलांना बोलणी खावी लागली नसती!

आता माझ्याविषयी. तीन वर्षांपूर्वी मला अर्धांगवायूचा झटका आला. पाय हळूहळू सुधारला, वाचा शाबूत राहिली (आमच्या सौभाग्यवतींच्या मते ती थोडी जास्तच शाबूत राहिली), पण उजवा हात निकामी झाला. नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्यासाठी बँकेत गेलो. फॉर्म पुढे आला आणि पेन बोटांतून घरंगळले. काउंटरवरचा मुलगा भला होता. त्याने हळू आवाजात म्हटले, "गुरुजी, अंगठा चालते," आणि शाईचा डबा पुढे सरकवला. गावोगावच्या लोकांना अंगठ्यातून सोडवणारा मास्तर, त्याचा अंगठा सौभाग्यवतींनी धरून कागदावर टेकवला. घरी येऊन मी तो रॉकेलने घासला, तरी निळा डाग चार दिवस राहिला.

सरूबाई समाचाराला आल्या त्या याच चार दिवसांत. "जय भीम, गुरुजी" म्हणून बसल्या आणि त्यांची नजर माझ्या अंगठ्यावर गेली. मी हात पंच्याखाली घेतला. त्यांनी तो ओढून बाहेर काढला.

"हे काय जी?"

मी सांगितले. सांगताना रडलो, हे लपवण्यात अर्थ नाही. डाव्या हाताने सही करायला शिकावे म्हणतो, असेही बोललो.

"काहून? डाव्यानं कराल तं उजवा झोपूनच राहीन. तुम्ही मले अंगठ्यातून सोडवलं. आता माही पाळी हाय."

आणि पुढच्या गुरुवारपासून, सत्तरी ओलांडलेल्या सरूबाई, एसटीने, गाठोडे घेऊन भंडाऱ्याला येऊ लागल्या. एक गुरुवार चुकला नाही. पहिल्या दिवशी त्यांनी घरातला पितळी तांब्या पाण्याने भरून कापडावर ठेवला, म्हणजे कापड धरायला दुसरा हात लागू नये, आणि माझ्या बोटांत पोत्याचे तोंड शिवायचा दाभण दिला. वीतभर कापडावर तीन टाके घालायला मला दोन तास लागले. तेही टाके कसले, कोंबडी चालून गेल्यासारखे. मी दार लावून बसलो होतो. पुरुष माणूस, निवृत्त मुख्याध्यापक आणि गोधडी शिवतो, हे शेजाऱ्यांनी पाहू नये अशी माझी इच्छा. सरूबाईंनी उठून दार सताड उघडले.

"लपता काहून? चोरी करून राहिले काय?"

तेव्हापासून मी ओसरीवर बसून शिवू लागलो. शेजारी हसले, मग थांबून पाहू लागले, मग आपापल्या घरचे जुने धोतर आणून देऊ लागले.

दाभण गेला, मोठी सुई आली. मोठी गेली, मधली आली. पण दर गुरुवारी शेवटी तीच परीक्षा असे. कापड उलटे करायचे, डोळे मिटायचे आणि उजवा अंगठा फिरवायचा. मला काही म्हणजे काही लागत नसे. तो अंगठा लाकडाचा झाला होता. मी वैतागून कापड फेकून दिले, एकदा नव्हे, तीनदा. तिन्ही वेळा सरूबाईंनी ते उचलले, झटकले आणि पुन्हा तांब्याखाली ठेवले. चौथ्या महिन्यात एका गुरुवारी अंगठा फिरता फिरता अडला. खडा लागावा तसे काहीतरी लागले. "गाठ! गाठ लागली!" मी असा ओरडलो की सौभाग्यवती स्वयंपाकघरातून धावत आल्या, त्यांना वाटले सुई टोचली. सरूबाई शांतपणे म्हणाल्या, "मीच ठेवली होती ते. चार महिने झाले, दर खेपेले ठेवतो."

त्यानंतर त्यांनी खडूने कापडावर माझे नाव लिहिले, 'वामन', आणि ते मला गिरवायला दिले. ज्या बाईंना मी अक्षर गिरवायला दिले होते, त्यांच्या अक्षरावरून मी सुईने माझे नाव गिरवत होतो! किती वेळा गिरवले याचा हिशेब नाही. ते कापड भरले की दुसरे येई. मग एक दिवस त्यांनी सुई काढून घेतली आणि पेन हातात दिले.

पुढच्या नोव्हेंबरात बँकेत त्याच मुलाने मला पाहून शाईचा डबा काढला. मी म्हणालो, "डबा आत ठेव बाबा. पेन दे." सही केली. त्याने ती जुन्या नमुन्याशी ताडून पाहिली आणि ओशाळून म्हणाला, "गुरुजी, सही जुळून नाही राहिली. नवीन नमुना द्या लागन." एरवी मी बँकवाल्यांशी अर्धा तास वाद घातला असता. त्या दिवशी मी नमुन्याच्या कागदावर तीन ठिकाणी, सावकाश, मान वर करून सह्या केल्या. जुनी सही वळणदार होती, नवी टाक्याटाक्याने जाते. मला नवी जास्त आवडते. बँकेतून निघालो तो थेट एसटी स्टँडवर गेलो आणि आंबागड गाठले. मी विहाराच्या पडवीत पाय ठेवताच सरूबाईंनी तोंडावरूनच ओळखले आणि वर्गातल्या बायकांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की बाहेरची माणसे गोळा झाली. नोकरीत मला आदर्श शिक्षक म्हणून शाल मिळाली होती. त्या टाळ्यांपुढे ती शाल काहीच नाही.

गेल्या महिन्यात वर्गाने सरूबाईंना शालीऐवजी गोधडी दिली. सगळ्यांना शिवायला शिकवणाऱ्या या बाई स्वतः अजून विरलेली जुनी गोधडीच पांघरतात, म्हणून प्रत्येकाने एकेक तुकडा शिवला. गोधडी हातात येताच त्यांनी काय करावे? उलटी केली, डोळे मिटले आणि भर समारंभात अंगठा फिरवू लागल्या. अंगठा कडेने निघाला, ओळीओळीने आत गेला, मध्यापर्यंत पोहोचला. कुठेही थांबला नाही.

"यात गुरुजींचा कोणता?" त्यांनी विचारले.

मी गोधडी सुलट केली. मधला पांढरा तुकडा माझा होता. त्यावर माझे नाव नव्हते. लाल दोऱ्याने 'सरू' लिहिले होते. त्यांनी रूच्या शेपटीवरून अंगठा फिरवला. मग डोळे पुसत म्हणाल्या, "शेपटी बरोबर आली जी."

सरूबाई, तुम्ही शंभरी पार करा. तुमचे गुडघे एसटीच्या पायऱ्या चढत राहोत, सुईत दोरा ओवायला डोळे साथ देवोत आणि तुमचा अंगठा आमच्या टाक्यांवरून असाच फिरत राहो. आम्ही चुकत राहू, तुम्ही शोधायला लावत राहा.

संपादक मंडळास एक विनंती. या लेखाखाली माझे नाव छापू नये. मूळ कागदावर मी उजव्या हाताने सही केली आहे, ती जशीच्या तशी छापावी.