मायबोलीतला कबुलीजबाब

भिलाईतल्या तांब्याच्या केबलची ती केस अजून माझ्या डोक्यातून जात नाही. नोकरीत याहून मोठे गुन्हे हाताळले, खूनही उघडकीला आणले. त्यांतल्या कित्येकांचे तपशील आता पुसट झालेत. ही साधी चोरी मात्र जशीच्या तशी आठवते, आणि आठवली की लाज वाटते. नाव कोणाचंच सांगणार नाही, माझ्या ठाण्याचंही नाही.

आमचं घराणं भंडाऱ्याकडचं. वडील भिलाईच्या पोलाद कारखान्यात लागले आणि आम्ही भावंडं सेक्टर २ च्या क्वार्टरात वाढलो. घरात नागपुरी वळणाची मराठी, उंबरा ओलांडला की हिंदी, ही भिलाईतल्या बहुतेक मराठी घरांची रीत. ठाण्यात तर रोजनामचा हिंदीत, शिव्या हिंदीत आणि वरच्या साहेबांचं ओरडणंही हिंदीत. मराठी म्हणजे आमच्यासाठी चपला बाहेर काढून बोलायची भाषा होती.

मी तेव्हा टीआय होतो, म्हणजे ठाण्याचा प्रमुख. एका खाजगी ठेकेदाराच्या गोदामातून केबलची मोठी रिळं गेली. ठेकेदाराचे हात वरपर्यंत पोहोचलेले, त्यामुळे सकाळच्या हजेरीआधीच फोन सुरू व्हायचे. ‘काय प्रगती?’ या प्रश्नाला उत्तर द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं. अशा वेळी ठाण्यातल्या सगळ्यांना चोर नको असतो, कोणीतरी हवा असतो.

तो आमच्या मुखबिरानं दिला. हा मुखबीर पानठेल्यावर बसून खबरा गोळा करणारा माणूस, निम्म्या खऱ्या, निम्म्या चहापुरत्या. त्यानं सांगितलं, रिसालीतला एक वेल्डर त्या ठेकेदाराकडेच कामाला आहे, आणि चोरीच्या दुसऱ्या दिवशी तो स्कूटरवर जड पोतं बांधून घरी जाताना दिसला. मला एवढं पुरलं. वेल्डरला पूछताछीसाठी बोलावून आणलं. अटक दाखवली नाही, रोजनामच्यात नोंद केली नाही. असं करायचं नसतं हे मला पाठ होतं.

त्याची बायको मागोमाग ठाण्यात आली. पाटीवर माझं मराठी आडनाव वाचून तिला धीर आला असावा, कारण ती सरळ मराठीत बोलू लागली. “साहेब, त्या चुंगडीत तांदूळ होते. आमच्या वावरातले, गावावरून आणले. घरी भरून आहेत, तुमी येऊन पाहा ना.”

“हो बाई, पाहतो,” मी म्हणालो.

रिसाली आमच्या ठाण्यापासून स्कूटरवर चहा थंड व्हायच्या आत जाऊन येण्याएवढी जवळ. पण मी गेलो नाही, कोणाला पाठवलंही नाही. चुंगडी सोडून बघायचं काम होतं, आणि त्याऐवजी आम्ही माणूस सोलायला घेतला.

मागच्या खोलीत एक पट्टा असायचा, कन्व्हेअर बेल्टचा कापलेला तुकडा. तो कधी आणि कोणी आणला कोणाला ठाऊक नव्हतं, तरी नव्या हवालदाराला तो आपोआप सापडायचा. त्या दिवशी एका हवालदारानं वेल्डरच्या तळपायांवर काय केलं ते मी इथे वर्णन करणार नाही. मी बाहेर टेबलावर बसून फाइल चाळत होतो आणि मला सगळं ऐकू येत होतं. तो एकच सांगत होता, हिंदीत, “चावल था साहब.”

मग मी आत गेलो. इथे माझं खास कौशल्य सुरू व्हायचं. हवालदाराला रागावून बाहेर काढलं, वेल्डरला भिंतीला टेकवून बसवलं, पाणी दिलं, माझ्या कपातला चहा दिला आणि मराठीत विचारलं, “कोन्या गावचा रे बाप्पा तू?”

त्यानं वर पाहिलं आणि लहान पोरासारखा रडला. “भाऊ, तुमी आपले आहा?”

“आपलाच आहो. तुई माय हाय का गावाले?”

“हाय न भाऊ. एकटीच रायते.”

गावाची चौकशी झाली, पिकाची झाली, आईच्या गुडघ्यांचीही झाली. मग मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “हे पाह्य, हे लोक तुले सोडून नाई राहिले. तू हो म्हणून टाक. बाकी मी पाहून घेतो. मायची शपथ.”

त्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, “तुमी म्हनता त हो.”

मला त्या दिवशी अभिमान वाटला, हे लिहिताना मान खाली जाते. मी त्याला बोटही लावलं नव्हतं! केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, फक्त तेव्हा मी त्याला तपास म्हणत होतो.

मग अटक दाखवून त्याला वैद्यकीय तपासणीला नेलं. डॉक्टर हिंदी बोलणारे. त्यांनी विचारलं, पायांना काय झालं? मी त्यांना कळू नये म्हणून मराठीत हळूच म्हणालो, “पडलो म्हन.” तो म्हणाला, “गिर गया था, साहब.” मॅजिस्ट्रेटनं मारपीट झाली का विचारलं, तेव्हाही त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं आणि नाही म्हणून सांगितलं. घरची बोली आता मी त्याच्या हातात घातलेली बेडी झाली होती.

पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, चालतो तो जप्त झालेला माल. म्हणून आम्ही त्याला माल दाखवायला फिरवलं. कधी तो तळ्याचा काठ दाखवायचा, कधी पडक्या शेडच्या मागची जागा. आम्ही खणायचो आणि माती निघायची. हवालदार म्हणायचा, पक्का आहे. साध्या माणसाला सुचतील तेवढ्या जागा तो आम्हाला खूश करायला सांगत होता, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

उलगडा दुसऱ्याच ठाण्यानं केला. त्यांच्या हद्दीतल्या भंगारवाल्याकडे केबल सापडली, आणि ती विकणारा निघाला ठेकेदाराचाच सुपरवायझर. गुन्हा नोंदवताना माझ्यासमोर खुर्ची टाकून बसलेला, मला सिगरेट देणारा माणूस! काखेत कळसा आणि गावाला वळसा. वेल्डर तुरुंगातून सुटला. कारखान्यात शिरायचा त्याचा गेटपास मात्र रद्द झालेला होता, आणि उभं राहून काम करण्याजोगे पाय राहिले नव्हते. मी एकदाही त्याच्या घरी गेलो नाही. कामं पुष्कळ असतात, अशी स्वतःची समजूत घातली.

निवृत्तीच्या थोडं आधी मला मानवाधिकार प्रशिक्षणाला पाठवलं. आम्ही त्याला झोपेचा तास म्हणायचो. शिकवायला एक बाई होत्या, कोठडीत मार खाल्लेल्या माणसांबरोबर काम करणाऱ्या. त्यांनी विचारलं, न मारता चौकशी करणारं इथे कोणी आहे का? मी हात वर केला आणि फुशारकीनं माझी युक्ती सांगितली: दुसऱ्यानं मारायचं, मग आपण चहा द्यायचा आणि त्याच्या घरच्या बोलीत बोलायचं.

बाई शांतपणे म्हणाल्या, “त्या युक्तीनं ज्यानं कबूल केलं, तो खरंच गुन्हेगार होता का?”

वर्गात चाळीस-पन्नास जण माझ्याकडे बघत होते. मी खाली बसलो. त्या पुढे म्हणाल्या, मारणारा आणि चहा देणारा एकाच टोळीतले असतात, आणि चहा देणाऱ्याची जखम जास्त खोल जाते, कारण त्याच्यावर विश्वास ठेवलेला असतो.

त्याच आठवड्यात मी रिसालीला गेलो आणि दाराबाहेरून हाक मारली. दार बायकोनं उघडलं आणि हिंदीत म्हणाली, “वो बात नहीं करेंगे.” मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो. थोड्या वेळानं ती आवाज खाली आणून मराठीत बोलली. “तुमचा आवाज आयकून अंदर गेले ते. घरात मराठी बंद केली त्यायनं. पोरीसंग हिंदी, माह्यासंग हिंदी. गावावरून सासूबाई फोन करते, तिच्यासंगही हिंदीच बोलून राहिले. तिले हिंदी कुठी येते, साहेब? सासूबाई म्हनते, पोरगा भिलाईले जाऊन मोठा झाला, मायले इसरला.”

“कावून असं करते तो?” मी विचारलं.

“ते म्हनते, पट्ट्याचा मार मी इसरलो. पन हे बोली आयकली का तुमचा चाय आठवते.”

मी घरी येऊन जेवलो नाही. माणसाचे पाय आम्ही मोडले होतेच. त्याची आई त्याच्यापासून तोडली होती ती मी, एकट्यानं, गोड बोलून.

प्रशिक्षणातल्या बाईंना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी मला आधी बजावलं, माफी मागायला धावू नका, त्याला काय हवं ते विचारा. त्यांनीच त्याच्या पायांवर उपचार सुरू करून दिले, भरपाईचा अर्ज लावला, आणि दर आठवड्याला त्याच्याजवळ बसू लागल्या. पुष्कळ महिन्यांनी त्याचा निरोप आला: साहेबांनी हे सगळं पोलिसांसमोर, माझ्यादेखत सांगावं. हिंदीत सांगावं.

निवृत्तीनंतर नव्या शिपायांच्या वर्गात मला शिकवायला बोलावू लागले होते. तिथे मी हिंदीत सांगितलं. तो मागच्या बाकावर बसला होता, केस पिकलेले, काठी भिंतीला लावलेली. मी चुंगडीपासून चहापर्यंत काहीच गाळलं नाही. मधेच एका पोरानं विचारलं, “सर, चावल देखने क्यों नहीं गए?” मी म्हणालो, “क्योंकि मारना आसान था. जाँच के लिए उठना पड़ता है.” एवढंच या केसनं मला शिकवलं, आणि ते शिकायला दुसऱ्याचे पाय गेले.

तास संपता संपता त्याचा फोन वाजला. तो काठी टेकत व्हरांड्यात गेला. खिडकी उघडी होती. त्याचा आवाज अडखळत, थांबत थांबत आला. “हो माय… जेवलो न… पाय बरे आहेत. तू गुडघ्याले तेल लावतं का?”

मी खडू खाली ठेवला. माझे डोळे भरून आले आणि वर्गाकडे पाठ करावी लागली.

तो आत आला तेव्हा मला राहवलं नाही. मी मराठीत विचारलं, “माय बरी आहे न?”

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. रागानं नाही. मग काठी उचलली आणि म्हणाला, “अच्छी है, साहब.”

आम्ही आता अधूनमधून भेटतो. बोलतो ते हिंदीतच.