शेपटाच्या बांधीचं परराष्ट्र धोरण

आसाराम पाणकर आणि श्यामलाल यांच्यात बारा वर्षं अबोला होता. आसारामच्या मुलीच्या लग्नात श्यामलाल भर पंगतीत म्हणाला होता की, पाणकराच्या घरचं वरण म्हटल्यावर पाणी असणारच. एवढंच. पण गावच्या तलावाचं पाणी वाटणाऱ्या माणसाला ते झोंबलं, ते झोंबलंच. तेव्हापासून आसाराम रोज आंघोळ करताना श्यामलालचं वाटोळं व्हावं म्हणून मनोभावे हात जोडी, आणि अंग पुसून त्याच्याच धानाला सगळ्यांआधी पाणी सोडी. कारण श्यामलालची बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, पाटाच्या पार शेपटाला होती, आणि पहिलं पाणी शेपटाला हा तलाव बांधणाऱ्या कोहळी पूर्वजांचा नेम होता. वरच्यांनी आधी घेतलं तर खालच्याला काय उरणार?

गेल्या साली तलावाचं पाणी अडवणारं लाकडी दार कुजलं. तेव्हा दूरच्या एका देशानं मदत म्हणून चाकाचं लोखंडी दार दिलं. त्यावर त्यांचा झेंडा, खाली ‘मैत्रीची भेट’. गावानं नारळ फोडला.

यंदा धान निसवायला आलं, लोंब्या बाहेर पडायची वेळ झाली आणि पावसानं दगा दिला. नेमकं तेव्हाच त्या देशाचं दुसऱ्या एका देशाशी कुठल्याशा बेटावरून वाजलं. श्यामलालचा मुलगा गजेंद्र त्या दुसऱ्या देशाच्या बंदरात क्रेन चालवायचा. झालं! दार आणणाऱ्या संस्थेच्या रश्मी मॅडम गोंदियाहून जीपनं आल्या आणि खाली मान घालून म्हणाल्या, ऊपर से आया है, शत्रूशी संबंध असलेल्याला आमच्या दाराचं पाणी नको, नाहीतर दार परत. एक वाट होती. बेट दार देणाऱ्या देशाचंच आहे, असं श्यामलालनं मोबाइलसमोर बोलायचं.

श्यामलाल म्हणाला, “बेट म्या पाह्यलंच नाही. कोनाचं म्हनून सांगू?”

एका बांधीपायी साऱ्या गावाचं दार कशाला घालवायचं, असं सरपंच सुभद्राबाईंचं मत पडलं. आसारामची तर लॉटरीच लागली, असं सगळे धरून चालले. खोटं कशाला बोला, त्यालाही घटकाभर गोड वाटलं. त्या दिवशी त्यानं भात दोनदा मागून घेतला. पण जेवता जेवताच त्याचं डोकं फिरलं. इतकी वर्षं जिवापाड जपलेलं वैर, आणि त्यात हा परका देश न विचारता घुसतो म्हणजे काय?

सकाळी त्यानं सगळ्यांदेखत चाक फिरवून शेपटाला पाणी सोडलं.

“मॅडम, वैर माहा हाये, पानी माहा नाही,” तो म्हणाला. “बारा सालं भांडून म्या त्याले कोरडा नाही ठेवला. तुमचं बेट मंधात कायले आनता?”

मॅडमना ते पटलं होतं, पण हुकूम तो हुकूम. त्यांनी सोबत आणलेल्या मिस्त्रींनी बोल्ट काढून दार जीपवर चढवलं. दार नसलं की पाणी थांबत नाही, ही गोष्ट हुकूम सोडणाऱ्यांपैकी कोणाच्या ध्यानात आली नसावी. श्यामलालला थेंब मिळू नये म्हणून त्यांनी त्याला अख्खा तलाव देऊन टाकला. पाणी धडाधड शेपटाकडे निघालं, त्याची बांधी तुडुंब झाली आणि तलाव रिता होऊन बाकी गावाचं धान कोरडं पडायची वेळ आली.

आसारामनं मातीच्या पोत्यासकट दाराच्या जागी उरलेल्या भोकात उडी घेतली. पोतं पुरेना. तेवढ्यात तणसाचे, धानाच्या वाळल्या काडाचे भारे घेऊन श्यामलाल धावत आला आणि त्याच्या बाजूला उतरला. मॅडम चपला काढून चिखल देऊ लागल्या. दोघं छातीभर पाण्यात खांद्याला खांदा लावून तणीस कोंबत राहिले. शेवटी भोक बुजलं.

श्यामलालनं हात जोडले. आसाराम भडकला.

“हात कायले जोडतं? तुह्या वाट्याचं पानी होतं. उद्या आपलं भांडन मिटलं, तरी तेवढंच भेटन.”