पातेल्यावरची प्रार्थना

आप्पांनी पातेलं पायानं लवंडलं. शाळेच्या आवारात, मुलं ताटल्या घेऊन रांगेत बसलेली असताना. गरम खिचडी मातीत पसरली, थोडी माझ्या पायावर आली. मी ओरडले नाही. भाजल्याचं नंतर कळलं.

"हिनं मंत्र टाकलाय यात," आप्पा गुरुजींकडे बघून म्हणाले. "पोरांना बाटवायला निघाली ही."

आप्पा म्हणजे शाळेच्या समितीचे अध्यक्ष. भीमेच्या काठच्या आमच्या गावात त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नाही. गुरुजी मान खाली घालून उभे राहिले. त्या दिवशी मुलं उपाशी घरी गेली, आणि उपाशी ठेवणारी म्हणून नाव माझं झालं.

मंत्र कसला? मी शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायचे. झाकण काढायच्या आधी क्षणभर डोळे मिटायचे आणि देवाचे उपकार मानायचे. एवढंच. आम्ही ख्रिस्ती. पणजोबांपासून. आमच्या घरात उपकार मानल्याशिवाय घास तोंडात जात नाही. आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. बांधावर भाकरी सोडली की आधी डोळे मिटायची. बाकीच्या बायका म्हणायच्या, "झोपली का गं?" ती चेष्टा होती. चेष्टेत विष नव्हतं.

आता मोबाईलवर कुठल्या कुठल्या गावांचे धर्मांतराचे व्हिडिओ फिरायला लागले, आणि खिडकीतून कुणीतरी माझाही काढला. त्याला धडकी भरेल असं संगीत लावलं. मीही तो पाहिला. पातेल्यापुढं डोळे मिटून पुटपुटणारी ती बाई बघून मलाच माझी भीती वाटली.

खिचडी सांडली त्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पांचा निरोप घेऊन एक माणूस आला. ग्रामसभेत सगळ्यांदेखत कबूल करायचं, खिचडीत मंत्र टाकला, चुकलं. आणि रविवारी आमच्या घरी चार-पाच घरची माणसं प्रार्थनेला जमतात, ते बंद. मग काम राहील. तोवर शिजव, पण नजर राहील.

"आन् न्हाई केलं तर?" मी विचारलं.

त्याने आमच्या पत्र्याकडे, दाराकडे, अंगणात बांधलेल्या शेळीकडे सावकाश बघितलं आणि गेला.

मी दौंडला आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना फोन लावला. चांगला माणूस, पण तोही घाबरलेला. "बाई, देव मनातलंही ऐकतो," म्हणाले. "थोडे दिवस डोळे उघडे ठेवून उपकार माना. ओठ हलवू नका."

ऐकलं मी. शाळेच्या खिडकीत कुणी ना कुणी उभं असायचंच. मी पातेल्यापुढं टक्क डोळे उघडे ठेवून उभी राहायचे. तोंड शिवल्यासारखं बंद. माझ्याच देवाजवळ चोरासारखी. आणि एके दिवशी वाढप झाल्यावर लक्षात आलं, आज आपण मनातही काही म्हटलं नाही. उपकार मानायचेच राहिले. मी नुसती खिडकीकडे बघत होते.

पाय भाजला तेव्हा मी रडले नव्हते. त्या दिवशी भांडी घासताना रडले. मग राग आला. आप्पांचा, पाळकसाहेबांचा, आणि सगळ्यात जास्त माझा. लाथ एकदाच बसली होती. वाकले मात्र मी रोज होते.

ग्रामसभा पारावर भरली. माझे मालक मागे, भिंतीला टेकून उभे. आप्पा म्हणाले, "म्हण, चुकलं."

"चुकलं न्हाई, आप्पा."

आप्पा पुढं सरकले.

"मग काय पुटपुटतीस, ते सांग समद्यांपुढं."

मी डोळे मिटले. पारापलीकडे उभ्या असलेल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "बापा, या अन्नाबद्दल तुझे उपकार. खाणाऱ्या समद्या लेकरांना बळ दे. कुणाच्याबी घरची असूदेत, समदी तुझीच हायेत. आमेन."

डोळे उघडले. "रोज हेच म्हणते. तुमची नात त्याच रांगेत बसती, आप्पा. तिच्यासाठीबी हेच मागितलं. त्याची माफी मागू व्हय?"

माझ्यासोबत शाळेत राबणारी सुमन उठली. बौद्ध वस्तीतली. "मी रोज हिच्या हातचं खाते," ती म्हणाली. "अजून बुद्धाचीच हाय मी." बायकांमध्ये हसू फुटलं. आप्पा हसले नाहीत.

"दोघींचंबी काम गेलं," ते म्हणाले. मग माझ्याजवळ येऊन, हळू आवाजात, "आन् रविवारी दार बंद दिसलं पायजे."

तेव्हापासून संध्याकाळी आमच्या घरापुढं मोटारसायकली येऊन थांबतात. गाड्या चालूच ठेवतात, थोड्या वेळानं जातात. आठवडी बाजारात ओळखीच्या बायका मान वळवतात. प्रार्थनेला येणाऱ्यांतल्या दोन घरांनी यायचं थांबवलंय. त्यांना मी बोल लावत नाही, त्यांनाही लेकरं आहेत. मालक म्हणतात, "या रविवारी दार लावून घेऊ. देव काय दारातनंच येतो का?"

मला भीती वाटते. खोटं कशाला सांगू? गाडीचा आवाज आला की हातातलं काम थांबतं. देवाचं प्रेम सगळ्यांवर आहे, आप्पांवरही, हे मी लहानपणापासून म्हणत आले. आप्पांसाठी ते म्हणताना आता जीभ अडते. तरी म्हणते. पण प्रेम करायचं म्हणजे पायाखाली जायचं, असं मला आईनं शिकवलं नव्हतं.

उद्या रविवार. दार सताड उघडं राहील. कुणी नाही आलं तर मी एकटी बसेन. आणि ते मोटारसायकलवाले आले, तर सतरंजीवर त्यांनाही जागा करून देईन. माफी मागणार नाही.